पाळी जाताना इस्ट्रोजेन कमी झालं, हे कशावरून ओळखायचं?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ४७, गेले आठ महिने पाळी मागेपुढे होतेय. रात्री दोन-तीनदा घामानं गाऊन भिजून जाग येते, मध्येच छातीत धडधडतं, लघवीला जळजळतं, सकाळी बोटं आखडलेली असतात आणि वर्गात शिकवताना रोजच्या वापरातला शब्द ऐन वेळी आठवत नाही. हृदयाच्या डॉक्टरांनी ईसीजी नीट असल्याचं सांगितलं, हाडांच्या डॉक्टरांनी संधिवाताच्या तपासण्या करून कॅल्शियम दिलं, लघवीसाठी तीनदा अँटिबायोटिकचा कोर्स झाला. शेवटी ‘वयाचं आहे, होतं असं’ म्हणून तुम्हाला घरी पाठवलं. यातलं इस्ट्रोजेन कमी झाल्यामुळे नेमकं काय, रक्त तपासावं का, गोळ्या घ्याव्या लागतील का, असं तुम्ही विचारलंय. शिवाय छत्तिसाव्या वर्षी पिशवी काढलेल्या आणि आता एकेचाळीस वर्षांच्या तुमच्या जावेबद्दलही विचारलंय. तिच्याकडे शेवटी येते, कारण मला तुमच्यापेक्षा तिची काळजी जास्त वाटते.

मी गेली २६ वर्षं स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करतेय. तुम्ही लिहिलेली यादी थोड्याफार फरकानं जवळपास रोज माझ्यासमोर येते, आणि बहुतेक वेळा हातात अशाच चार डॉक्टरांच्या चार फाईली असतात. इस्ट्रोजेन या बायकांच्या हार्मोनचं काम पाळी आणि बाळंतपणापुरतं, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात मेंदू, रक्तवाहिन्या, हाडं, सांधे, त्वचा, मूत्राशय, योनिमार्ग या सगळ्या ठिकाणच्या पेशी इस्ट्रोजेनचा संदेश घेतात. तो संदेश क्षीण झाला की तक्रारी पाच ठिकाणांहून येतात आणि बाई पाच दवाखाने फिरते. प्रत्येक जण आपापला अवयव तपासून ‘नॉर्मल’ सांगतो. खोटं कुणीच बोलत नाही, पण धागा कुणाच्याच हाती लागत नाही.

आधी रक्त तपासणीचं सांगते, म्हणजे पैसे वाचतील. तुमच्या वयात ती सहसा लागत नाही. पाळी जायच्या आधीच्या दोन-चार वर्षांत इस्ट्रोजेन जिना उतरल्यासारखं पायरी-पायरीनं उतरत नाही. ते एका महिन्यात खूप वर जातं, पुढच्या महिन्यात खाली येतं. आधी कमी पडतं ते प्रोजेस्टेरॉन, म्हणजे पिशवीचं अस्तर आवरणारं दुसरं हार्मोन, कारण बीज दर महिन्याला बाहेर पडेनासं होतं. त्यामुळे आज रक्त दिलं तर इस्ट्रोजेन छान येईल, तीन आठवड्यांनी दिलं तर तळाला गेलेलं असेल. एफएसएचचंही (अंडाशयांना चालना देणाऱ्या हार्मोनचंही) तसंच. पंचेचाळिशीनंतर पाळीचं वेळापत्रक आणि लक्षणं यांवरच निदान होतं. चाळिशीच्या आत पाळी थांबली तर मात्र एफएसएच चार ते सहा आठवड्यांच्या अंतरानं दोनदा बघावंच लागतं. सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली म्हणायचं. आपल्याकडे हे वय सरासरी ४६-४७ च्या आसपास आहे, पाश्चात्त्य देशांत ५१. म्हणजे तुम्ही काही ‘लवकर’ नाही आहात.

इथेच एक गैरसमज दूर करते. पाळीत गाठी पडणं, दहा-दहा दिवस अंगावरून जाणं, हे इस्ट्रोजेन कमी झाल्याचं लक्षण समजू नका. या काळात ते बहुधा प्रोजेस्टेरॉनचा आधार नसताना इस्ट्रोजेन एकटंच पिशवीचं अस्तर वाढवत राहिल्यामुळे होतं, किंवा गाठ, फायब्रॉइड असं दुसरं काही असतं. त्याची सोनोग्राफी करायची, ‘पाळी जायला आलीय म्हणून जास्त जातंय’ म्हणत हिमोग्लोबिन सहा ग्रॅमवर येईपर्यंत थांबायचं नाही. मी अशा बायका बघितल्यात ज्यांना जिना चढवत नव्हता आणि घरात सगळे त्याला थकवा म्हणत होते.

आता तुमच्या घामाकडे. याला कुणी ‘वाफा येतात’ म्हणतं, कुणी ‘अंगाची आग होते’, कुणी ‘डोक्यातून गरम निघतं’ म्हणतं. मेंदूत हायपोथॅलॅमस नावाच्या भागात शरीराचं तापमान सांभाळणारी यंत्रणा आहे. एरवी शरीर थोडं तापलं किंवा थोडं गार झालं तर ती दुर्लक्ष करते. तिच्या शेजारच्या काही चेतापेशींना इस्ट्रोजेनचा लगाम असतो. तो सुटला की त्या पेशी जास्त जोरानं काम करू लागतात आणि ही दुर्लक्ष करायची मुभा अगदी अरुंद होते. मग एक कप चहा, बंद खोली, अंगावरची चादर, एवढ्यानंही मेंदूला वाटतं की शरीर फार तापलंय. त्वचेच्या रक्तवाहिन्या उघडतात, छाती, मान, चेहरा लाल होतो, घाम फुटतो, हृदय धडधडतं. एक ते पाच मिनिटांत सगळं ओसरतं आणि पाठोपाठ थंडी वाजते. तुमची धडधड ज्या वेळी होते त्याच वेळी अंग तापतं का, हे आठवडाभर नोंदवून ठेवा. बरोबर येत असेल तर ईसीजी नीट असण्याचं कोडं तिथेच सुटतं. चालताना किंवा जिना चढताना छाती दाटून येत असेल तर मात्र माझं उत्तर बाजूला ठेवून पुन्हा हृदयाच्या डॉक्टरांकडे जा.

हे किती दिवस चालतं, हा प्रत्येकीचा पुढचा प्रश्न. आपल्या आयांनी ‘वर्ष-दोन वर्षं सोसायचं’ असं सांगितलं. अमेरिकेतल्या ‘स्वान’ या दीर्घ अभ्यासातून २०१५ मध्ये जे आकडे आले, त्यात निम्म्या बायकांना हा त्रास ७.४ वर्षांहून जास्त काळ झाला. ज्यांना पाळी चालू असतानाच वाफा सुरू झाल्या, त्यांचा काळ त्याहून लांबला. सात वर्षं रोज रात्री तीनदा झोपमोड, आणि सकाळी साडेपाचला उठून डबे करायचे. याला ‘होतं असं’ म्हणणं मला मान्य नाही.

झोपमोडीवरून बाकीचं बरंच उलगडतं. शब्द न आठवणं, गॅसवर दूध ठेवून विसरणं, मुलांवर उगीच ओरडणं, कारण नसताना रडू येणं. यातला काही भाग झोप तुटल्यामुळे असतो, काही भाग थेट मेंदूतल्या बदलाचा असतो. तुम्ही स्मृतिभ्रंशाची भीती लिहिली आहे. या काळातला विसराळूपणा बहुतेकींचा पुढे पुष्कळ निवळतो, त्यामुळे ती भीती आत्ता मनातून काढा. पण मन सतत खाली राहत असेल, जगण्यात रस वाटत नसेल, ज्यांना बाळंतपणानंतर किंवा पाळीच्या आधी नैराश्याचा त्रास झाला होता त्यांना पुन्हा तसंच वाटू लागलं असेल, तर ते हार्मोनवर ढकलून सोडू नका. मानसोपचारतज्ज्ञांचे उपचार त्याच वेळी सुरू करायला हवेत.

बोटं आखडणं, खांदा न उचलणं, गुडघे धरणं. आपल्याकडच्या बायका वाफांपेक्षा या दुखण्याची तक्रार जास्त घेऊन येतात, असा माझा आणि माझ्या बहुतेक सहकाऱ्यांचा अनुभव आहे. इस्ट्रोजेन सूज आवरतं, ते कमी झालं की सांधे आणि स्नायू कुरकुरतात. संधिवाताच्या तपासण्या तुम्ही करून घेतल्या हे चांगलंच केलंत. त्या नीट आल्या आहेत, म्हणजे दुखणं खोटं आहे असा त्याचा अर्थ कुणी काढू नये. त्वचा कोरडी होणं, केस विरळ होणं, डोळ्यांत खुपणं, अंगावर मुंग्या चालल्यासारखं वाटणं, पोटाचा घेर वाढणं, हेही याच काळात होतं. त्यावर फार लिहीत नाही, कारण मला पुढचं सांगायचं आहे.

तुमच्या प्रश्नात लघवीच्या जळजळीला एक ओळ मिळाली आहे. माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची ओळ आहे. योनिमार्गाच्या अस्तरातल्या पेशी इस्ट्रोजेनच्या जोरावर साखरेचा एक साठा तयार करतात. त्यावर लॅक्टोबॅसिलस नावाचे चांगले जंतू जगतात आणि तिथली आम्लता राखतात. ती आम्लता बाहेरच्या जंतूंना आत येऊ देत नाही. इस्ट्रोजेन कमी झालं की अस्तर पातळ होतं, साठा संपतो, चांगले जंतू जातात, आम्लता घटते. मूत्रमार्ग आणि मूत्राशयाच्या तोंडाचं अस्तरही त्याच प्रकारचं असल्यामुळे तिथेही तेच होतं. मग लघवीला आग, पुन्हा पुन्हा जंतुसंसर्ग, लघवीची घाई, शिंक आली की थेंब गळणं, खाली सतत खाज, चालताना घासल्यासारखं वाटणं, आणि संबंधाच्या वेळी सुरी फिरवल्यासारखं दुखणं. २०१४ पासून डॉक्टरांनी या सगळ्याला मिळून एकच नाव दिलं, कारण बायका तुकड्या-तुकड्यानं सांगत होत्या आणि उपचारही तुकड्या-तुकड्यानं होत होते.

वाफा कालांतरानं आपोआप कमी होतात, हा खालचा त्रास मात्र आपोआप जात नाही. उपचार केला नाही तर वर्षागणिक वाढतं. आणि हेच कुणी सांगत नाही. माझ्याकडे येणारी बाई कंबरदुखीपासून सुरुवात करते, तपासणी होते, चिठ्ठी लिहून होते, ती दारापर्यंत जाते, आणि तिथून वळून हळूच म्हणते, ‘मॅडम, एक विचारायचं होतं, ह्यांना जवळ येऊ देववत नाही.’ काही घरांत नवऱ्याला वाटतं बायकोचं मन उडालं. काही घरांत त्यावरून बोलाचाली, संशय, वेगळ्या खोल्या. साठीच्या एका काकूंनी मला सांगितलं की दहा वर्षं त्या याला आपल्या वागण्याची शिक्षा समजत होत्या. दहा वर्षं. आणि त्यावरचा उपाय होता एक छोटी मलमाची ट्यूब.

ही इस्ट्रोजेनची मलम योनिमार्गात लावायची असते. साधारणपणे पहिले दोन आठवडे रोज रात्री, नंतर आठवड्यातून दोनदा. रक्तात त्यातलं फारच थोडं जातं, म्हणून त्याबरोबर प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या लागत नाहीत. वारंवार होणारा लघवीचा जंतुसंसर्ग यानं कमी होतो. परिणाम जाणवायला काही आठवडे लागतात, आणि थांबवली की तक्रार परत येते, हे आधीच माहीत असू द्या. ज्यांना स्तनाचा कर्करोग होऊन गेलाय त्यांनी कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय लावू नये. संबंधाच्या वेळी पाण्याचा आधार असलेलं वंगण वापरा. आणि खालची जागा साबणानं किंवा जंतुनाशक घातलेल्या पाण्यानं धुणं आजपासून बंद करा, साधं पाणी पुरे. तुमच्या बाबतीत चौथा अँटिबायोटिकचा कोर्स घेण्याआधी लघवीचं कल्चर करून घ्या. त्यात जंतू आले नाहीत तर ही जळजळ कोरडेपणाची आहे असं धरून पुढे जायचं.

हाडांचं दुखणं आधी सांगितलं, पण हाडांची झीज वेगळी. ती दुखत नाही. रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत हाडांची घनता २० टक्क्यांपर्यंत घटू शकते आणि बाईला त्याचा पत्ता नसतो. ओल्या अंगणात पाय घसरतो, हात टेकला जातो आणि मनगट मोडतं. पन्नाशीतलं असं मनगट म्हणजे शरीरानं दिलेली पहिली नोटीस असते, पण प्लास्टर निघालं की सगळे विसरतात. त्यानंतर मणके दबतात, उंची कमी होते, पाठीला बाक येतो, आणि शेवटी खुब्याचं हाड. घरी आईची, मावशीची उंची कमी झालेली दिसते का, बघा. आईचा खुबा मोडला असेल तर तुमचा धोका जास्त आहे, हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी लवकर करून घ्या. त्यातला टी-स्कोअर (घनतेचा आकडा) उणे २.५ किंवा त्याहून खाली असेल तर नुसत्या कॅल्शियमवर भागत नाही, वेगळी औषधं लागतात.

दिवसाला हजार ते बाराशे मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असतं, म्हणजे एका मध्यम भाकरीतून दीड-दोनशे. कपभर दुधातून किंवा दह्यातून अडीचशे-तीनशे. तीळ, राजगिरा, शेवग्याचा पाला हे रोजच्या जेवणात आणा. शिल्लक राहील तेवढंच गोळीतून घ्या. ड जीवनसत्त्व तपासून घ्या, कारण आपल्याकडे भरपूर ऊन असूनही ते कमीच निघतं. आणि वजन उचलायचा व्यायाम करा. चालणं चांगलं, पण हाडांना आणि दंडा-मांड्यांना भार लागतो. घरकामात दिवसभर उभं राहणं हा तो भार नाही.

हृदयाबद्दल एकच परिच्छेद, पण मनावर घ्या. पाळी चालू असेपर्यंत बायकांना हृदयविकाराबाबत थोडं संरक्षण असतं. ते गेल्यावर वाईट कोलेस्टेरॉल चढतं, रक्तदाब आणि साखर वाढायला लागते. घरात नवऱ्याची दर वर्षी तपासणी होते, तुमची झाली होती का? या वर्षी लिपिड, साखर, रक्तदाब एकदा बघून घ्या. त्याच रक्तात टीएसएच आणि हिमोग्लोबिनही करा, कारण थायरॉइड वाढलं तरी घाम आणि धडधड होते आणि रक्त कमी असलं तरी होते. रात्रीच्या घामाबरोबर संध्याकाळी कणकण, खोकला किंवा वजन उतरणं असेल तर क्षयाची तपासणी आधी. आपल्या देशात हे विसरून चालणार नाही.

आता गोळ्यांचं. तुम्हाला कुणीतरी सांगितलंय की हार्मोनच्या गोळ्यांनी कॅन्सर होतो. ही भीती २००२ सालची आहे. अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या मोठ्या चाचणीचा इस्ट्रोजेन अधिक प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं औषध) घेणारा भाग त्या वर्षी जुलैत मध्येच थांबवला गेला आणि जगभर बायकांनी गोळ्या फेकून दिल्या. त्यातले तपशील मात्र मागे राहिले. त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झाली होती. स्तनाच्या कर्करोगाची वाढ दर वर्षी दहा हजार बायकांमागे आठ जणी इतकी होती. आणि ज्यांची पिशवी काढलेली होती, ज्या फक्त इस्ट्रोजेन घेत होत्या, त्यांच्यात स्तनाचा कर्करोग वाढला नाही.

आज आम्ही साठीच्या आतल्या किंवा पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्या, त्रास असलेल्या बाईला एचआरटी, म्हणजे कमी पडलेलं हार्मोन बाहेरून देण्याचा उपचार, देताना कचरत नाही. पिशवी असेल तर इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉन हवंच, नाहीतर अस्तर वाढून तिथे कर्करोगाचा धोका होतो. इस्ट्रोजेन त्वचेवर लावायच्या जेलमधूनही मिळतं. रक्ताच्या गुठळीच्या दृष्टीनं ते गोळीपेक्षा बरं, म्हणून वजन जास्त किंवा रक्तदाब असलेल्यांना मी जेल पसंत करते. स्तनाचा कर्करोग, पायात किंवा फुप्फुसात गुठळी, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, यकृताचा चालू आजार, किंवा कारण न कळलेला रक्तस्राव यातलं काही असेल तर एचआरटी नाही. त्यांच्यासाठी वाफांवर व्हेन्लाफॅक्सिन, गॅबापेन्टिनसारखी हार्मोन नसलेली औषधं आहेत. सोयाबीनचा थोडा उपयोग काहींना होतो. इव्हनिंग प्रिमरोजच्या कॅप्सूलवर दरमहा पैसे घालू नका, एवढंच सांगते.

आणखी दोन गोष्टी. पाळी अनियमित झाली म्हणजे दिवस राहत नाहीत असं नाही. पन्नाशीच्या आत शेवटची पाळी आली तर त्यानंतर दोन वर्षं, पन्नाशीनंतर आली तर एक वर्ष गर्भनिरोधनाची काळजी घ्यायची. आणि बारा महिने पाळी थांबल्यावर पुन्हा एक थेंब जरी लाल दिसला, तरी त्याला ‘पाळी परत आली’ म्हणायचं नाही. त्या आठवड्यात सोनोग्राफी करायची. अस्तर चार मिलिमीटरपेक्षा जाड असेल तर तुकडा काढून तपासायचा. बहुतेक वेळा काही गंभीर निघत नाही, पण गर्भाशयाचा कर्करोग वेळेत सापडतो तो याच थेंबामुळे.

तुमची जाऊ. छत्तिसाव्या वर्षी पांढरं जातं म्हणून पिशवी काढली, तेव्हापासून आग, झोप नाही, अंगात त्राण नाही, आणि ‘आता पिशवीच नाही तर पाळीचा त्रास कसला’ असं तिला सांगितलं गेलं. या वाक्यावर माझा जीव तुटतो. पिशवी इस्ट्रोजेन तयार करत नाही, अंडाशय करतात. ऑपरेशनमध्ये अंडाशयही काढले असतील तर तिचं इस्ट्रोजेन एक-दोन दिवसांत तळाला गेलं. जे तुमच्या शरीरात काही वर्षांत होतंय, ते तिच्या शरीरात टाके निघायच्या आत झालं. अंडाशय ठेवले असले तरी पिशवी काढल्यावर ते सरासरी काही वर्षं लवकर थकतात.

२०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्याच्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांची पाहणी केली. सुमारे ८२ हजार जणींपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली होती, अनेकींची पस्तिशीच्या आत. खाडा पडू नये, मुकादमाचा दंड बसू नये म्हणून झालेली ऑपरेशनं. त्यानंतर ऑपरेशनच्या परवानगीचे नियम कडक झाले. पण ज्यांचं होऊन गेलं त्या बायका आज चाळिशीत आहेत, कोयता चालवतायत, आणि त्यांच्या हाडांचं, हृदयाचं काय होतंय हे त्यांना विचारणारं फार कुणी नाही. अशा वयात अंडाशय गेले तर नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत इस्ट्रोजेन देणं हा आवश्यक उपचार आहे. तो न दिल्यास हाडं ठिसूळ होणं आणि हृदयविकार यांचा धोका वाढतो. तुमच्या एचआरटीचा विचार त्रास पाहून करता येईल. तिचा आधी व्हायला हवा, त्रास नसता तरीही.

तिला घेऊन जवळच्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. जाताना डिस्चार्ज कार्ड आणि काढलेल्या पिशवीचा तपासणी रिपोर्ट शोधून न्या, त्यात अंडाशय काढले की ठेवले हे लिहिलेलं असतं. कागद सापडले नाहीत तर सोनोग्राफीत अंडाशय दिसतात का ते बघायला सांगा, बरोबर एफएसएच आणि डेक्सा करून घ्या. आणि तपासणीच्या खोलीत तुम्हीही तिच्याबरोबर आत बसा, कारण ती कंबरदुखी सांगेल आणि उठून बाहेर येईल.